बादशहाची छावणी नकाशावर नाही

उन्हाळ्याच्या सुट्टीत धाकट्या मुलीचा मुलगा पुण्याहून साताऱ्याला आला तो लॅपटॉप घेऊनच. वय वर्षे तेरा. पहिले दोन दिवस तो माजघरात पंख्याखाली बसून होता. जेवायला हाक मारली की आतून उत्तर यायचे, "नाना, फक्त एक टर्न!" तिसऱ्या दिवशी दुपारी मी चष्मा लावून त्याच्या शेजारी जाऊन बसलो. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. माझ्या तासाला मुले घड्याळाकडे बघत. इथे तर एक मुलगा १७०० सालात शिरला होता आणि भूक लागली तरी बाहेर यायला तयार नव्हता. काय आहे हे, ते पाहावे म्हटले.

खेळाचे नाव 'एम्पायर : टोटल वॉर'. इंग्लंडमधल्या 'क्रिएटिव्ह असेंब्ली' या कंपनीने तो तयार केला आणि 'सेगा'ने मार्च २००९ मध्ये बाजारात आणला. 'टोटल वॉर' ही मालिका २००० साली जपानच्या सामुराईंपासून सुरू झाली. मग तिच्यात युरोपातले मध्ययुग आले, रोम आले. 'एम्पायर'मध्ये ती अठराव्या शतकात, म्हणजे बंदुका-तोफांच्या जमान्यात पोहोचली. खेळ सुरू होतो १७०० साली आणि संपतो १७९९ ला. वर्षाला दोन डाव, एक उन्हाळी आणि एक हिवाळी. नकाशावर युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान असे तीन मोठे रंगमंच आहेत. नकाशावर राज्य चालवायचे, कर बसवायचे, रस्ते आणि कारखाने बांधायचे, तह करायचे. दोन फौजा समोरासमोर आल्या की नकाशा बाजूला होतो आणि आपण थेट रणांगणावर उतरतो. तिथे प्रत्येक शिपाई वेगळा दिसतो, चालतो, पडतो.

खेळ जुना झाला हे खरे. नव्या खेळांची चित्रे यापेक्षा कितीतरी देखणी असतात, असे नातूच सांगतो. पण मी पाहिलेला हा पहिलाच, आणि त्यातही आपल्या मातीचा. म्हणून आठ दिवसांच्या ओळखीवर हे लिहितो आहे. मुरलेल्या खेळाडूंनी माझ्या चुका पोटात घालाव्यात.

सुरुवातीलाच विचारतात, तुम्ही कोण? ब्रिटन, फ्रान्स, स्पेन, प्रशिया, ऑस्ट्रिया, रशिया, स्वीडन, पोलंड, डच, उस्मानी तुर्क आणि मराठे. नातवाने मराठे घेतले होते. मी सहज विचारले, "हेच का रे?" त्याने मान वर न करता सांगितले, "नाना, आपण साताऱ्याचे ना?" थोड्या वेळाने स्वतःहूनच म्हणाला, "वर्गातली मुलं म्हणतात, तू मुघल घे. पण मुघल घेताच येत नाहीत, लॉक आहेत." मी त्यावर काही बोललो नाही. त्याचे लक्ष पडद्यावर होते.

आधी लढाईबद्दल सांगतो, कारण खेळाचा जीव तिथेच आहे आणि मला भुरळ पडली तीही तिथेच.

मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो की 'कवायती फौज' आली आणि युद्ध बदलले. कवायत म्हणजे नेमके काय आणि तिने का बदलले, हे मला स्वतःला किती कळले होते, याची आता शंका येते. या खेळात पहिल्या लढाईत आपली पलटण चार ओळींत उभी असते आणि शत्रू टप्प्यात आला की फक्त पहिली ओळ बार काढते. मागचे तीन-चतुर्थांश लोक नुसते उभे. मग पहिली ओळ नळीत दारू ओतते, गोळी टाकते, गजाने ठासते. पुन्हा नेम धरीपर्यंत जो वेळ जातो त्यात समोरचे घोडदळ अंगावर येऊन कापाकापी करून जाते. नातवाच्या दोन पलटणी अशाच गेल्या. मग त्याने शाळा बांधली, विद्वान नेमले, चार-पाच वर्षे थांबून 'ओळीओळीने गोळीबार' ही विद्या मिळवली. आता पुढची ओळ बार काढून गुडघ्यावर बसते, मागची तिच्या डोक्यावरून बार काढते, मग तिच्या मागची. माणसे तीच आणि बंदुकाही त्याच, पण समोरच्यांना वाटते गोळ्यांचा पाऊस कधी थांबतच नाही. बंदुकीची ताकद नळीत जेवढी असते त्यापेक्षा जास्त ओळीत असते, हे तेरा वर्षांच्या मुलाला दोन पलटणी गमावून कळले. माझ्या वर्गात ते फळ्यावर लिहून कुणाला कळले नव्हते.

संगिनीचेही तसेच. सुरुवातीची संगीन नळीच्या तोंडात खुपसायची. ती बसवली की बंदुकीचा भाला झाला, पण मग बार काढता येत नाही. घोडदळ येताना बसवायची की शेवटचा एक बार काढून मग बसवायची, हा निर्णय नातवाला श्वास रोखून घ्यावा लागे. पुढे नळीभोवती कडी बसवून लावायची संगीन येते आणि अडचण संपते. युरोपच्या फौजांनी हे खरोखरच सतराव्या शतकाच्या शेवटी आणि अठराव्याच्या आरंभी अनुभवले. पाठ्यपुस्तकात त्यासाठी अर्धे वाक्यही नसते.

तोफांची गंमत वेगळी. गोळा जमिनीवर आपटून उसळतो आणि रांगेतून वाट काढत जातो, म्हणून सपाट कोरडे मैदान तोफखान्याला मानवते आणि चिखल त्याचा घात करतो. शत्रू अगदी जवळ आला की गोळ्याऐवजी छर्रे भरायचे. तोफ एकदा लावली की हलवायला वेळ लागतो, त्यामुळे गोलंदाजांपाशी पायदळ नसेल तर ते हकनाक मरतात. आणि धूर! दहा मिनिटांच्या लढाईनंतर आपलीच फौज आपल्याला दिसेनाशी होते. नातू वैतागून धुराला शिव्या घालत होता. मी मात्र पानिपत आठवत होतो.

१४ जानेवारी १७६१. इब्राहिम खान गारदी. हैदराबादला फ्रेंच सरदार बुसीच्या तालमीत तो तयार झाला, आधी निजामाकडे होता आणि मग मराठ्यांकडे आला. १७६० साली उदगीरला त्याच्या तोफांनी आणि बंदूकधाऱ्यांनी निजामाची कोंडी केली. पानिपतावर त्याच्याजवळ आठ-नऊ हजारांच्या आसपास कवायती पायदळ होते. त्याचा आग्रह चौकोनी 'गोला'च्या लढाईचा. तोफा आणि पायदळ बाहेरून, बाकीचे आत, आणि सगळ्यांनी मिळून सावकाश सरकायचे. त्या दिवशी सकाळी त्याच्या गारद्यांनी समोरच्या रोहिल्यांची दाणादाण केली. पण विंचूरकर आणि गायकवाड यांच्या घोडदळाला धीर धरवला नाही. ते जागा सोडून पुढे घुसले आणि गारद्यांची बाजू उघडी पडली. मी हे मुलांना 'मराठ्यांच्या पराभवाची कारणे' म्हणून तिसऱ्या क्रमांकाला लिहून देत असे. घोडदळ ओळीपुढे धावत गेले की आपल्याच बंदुका कशा मुक्या होतात, हे परवा नातवाच्या पडद्यावर पाहिले आणि तिसऱ्या क्रमांकाचा अर्थ सत्तरीत लागला. त्याने उतावळेपणाने घोडेस्वार सोडले होते. बंदूकधारी नेम धरून उभे, पण समोर आपलीच माणसे. मी ओरडलो, "अरे, हे पानिपत झालं!" तो म्हणाला, "नाना, शांत बसा ना."

नंतर त्याला इब्राहिम खानाची गोष्ट सांगितली. जखमी होऊन पकडला गेला, मारला गेला, इथपर्यंत. त्याने लगेच विचारले, "मग हा जनरल गेममध्ये का नाही?" उत्तर सोपे आहे. या खेळात सेनापतींची नावे यंत्र पाडते आणि कुणीही कुणी नसतो. १७०० नंतरचा इतिहास खेळाडूने घडवायचा असल्यामुळे पानिपत ठरलेले नाही, प्लासी ठरलेली नाही. त्याला माझी हरकत नाही, खेळ म्हटल्यावर तसेच असणार. माझी हरकत वेगळ्या ठिकाणी आहे.

मराठ्यांचे राज्य उत्तरेकडे वाढू लागले तसा नातू हैराण झाला. जिंकलेल्या प्रांतांत सारखे दंगे. प्रांतावर बोट ठेवले की तिथल्या लोकांच्या धर्माची वाटणी टक्क्यांत दिसते. राज्याचा धर्म एक. त्याहून वेगळ्या धर्माचे लोक जितके टक्के, तितकी 'धार्मिक अशांतता', आणि ती प्रजेच्या समाधानातून वजा होते. उपाय खेळच सुचवतो. धर्मप्रसारक पाठवा, टक्के बदला, शांतता मिळवा. उस्मानी घेतलेत तर हेच गणित उलट्या बाजूने, ख्रिस्ती राजा घेतलात तर तिसऱ्या बाजूने. खेळ पक्षपाती आहे असे मी म्हणणार नाही. तो सगळ्यांना सारखाच आंधळा आहे.

तर नातू त्या तक्त्याकडे बघत अगदी सहज म्हणाला, "नाना, हे मुस्लिम लोक माझी हॅपिनेस कमी करतायत."

स्वयंपाकघरातून त्याची नानी बाहेर आली. तिला वाटले बातम्या लागल्या आहेत.

मुलगा काही वाईट बोलला नव्हता. तक्त्यात होते तेच त्याने वाचले. पण आपण स्वतः त्या टक्क्यात मोडतो हे त्याच्या ध्यानात आले नाही, आणि त्या क्षणी ते आणून देण्याची मला हिंमत झाली नाही. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. आमच्या अंगणातून अजिंक्यतारा दिसतो.

इथे आपल्याकडच्या लेखात एक यादी यायला हवी, ती वाचकांना पाठ आहे. शिवरायांच्या पायदळाचा सरनोबत नूरबेग, आरमारातला दौलतखान, सिद्दी हिलाल वगैरे. ही यादी खोटी नाही. मी स्वतः ती किती व्यासपीठांवरून म्हटली असेल! पण अलीकडे म्हणताना दरवाज्यावर ओळखपत्र दाखवल्यासारखे वाटते. ओळखपत्र खरे असले तरी ते रोज दाखवावे लागणे हे काही सुख नव्हे. म्हणून खेळावरची माझी तक्रार यादीने न करता कामकाजाच्या अंगाने करतो. अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानातले राज्य टक्क्यांवर चालत नव्हते. ते चाकरीवर चालत होते. पगार वेळेवर मिळतो का, वतन राहते का, सरदार शब्दाला जागतो का, यावर माणसे बाजू धरत आणि सोडत. मोगलांच्या छावणीत मराठे सरदार होते, राजपूत होते. म्हैसूरला टिपूच्या दरबारात दिवाण पूर्णय्या होता. गारदी तर आज निजामाकडे, उद्या पेशव्यांकडे. धर्माला महत्त्व नव्हते असे मी म्हणत नाही. १६७९ साली औरंगजेबाने जिझिया पुन्हा बसवला आणि त्याची झळ लोकांना लागली, हे लपवून आपला काय फायदा? पण प्रांतातला प्रत्येक वेगळ्या धर्माचा माणूस म्हणजे एक उणे चिन्ह, हे गणित युरोपातल्या धर्मयुद्धांच्या आठवणीतून आले आहे आणि आपल्या नकाशावर जसेच्या तसे चिकटवले आहे. चाकरीचा तक्ता कुठे नाही. खेळात मंत्री आहेत, त्यांना काढता-नेमता येते, पण थकलेल्या पगारासाठी पलटणीने सेनापतीच्या तंबूपुढे धरणे धरणे, हा त्या काळचा नित्याचा प्रकार खेळाला माहीतच नाही. तो घातला असता तर खेळ अधिक अवघड झाला असता आणि अधिक खराही.

नकाशाचेही तेच. खेळात मोगल उत्तरेला, मराठे दक्षिणेला, मध्ये सीमारेषा. १७०० साली प्रत्यक्षात काय होते? डिसेंबर १६९९ पासून औरंगजेब स्वतः साताऱ्याला वेढा घालून बसला होता. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले. ताराबाईंनी सूत्रे हातात घेतली. एप्रिलमध्ये मोगलांनी मंगळाईच्या बुरुजापाशी सुरुंग लावले. त्यातला एक उलटा फुटला आणि मोगलांचीच शेकडो माणसे तटाखाली गाडली गेली. किल्लेदार प्रयागजी प्रभूने पुढे काही दिवसांनी किल्ला दिला. बादशहाने शहजादा आझमच्या नावावरून त्याचे नाव आझमतारा ठेवले. तो पुन्हा मराठ्यांकडे आला आणि अजिंक्यतारा झाला. बादशहा दिल्लीला परत गेलाच नाही. १७०७ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला वारला आणि खुलताबादला पुरला गेला. म्हणजे खेळ ज्या क्षणी सुरू होतो त्या क्षणी हिंदुस्थानची सर्वांत मोठी छावणी, हत्ती-घोडे-बाजार-तोफांसकट, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती. नकाशावर तिचा पत्ता नाही. दोन राज्यांची सीमारेषा अशी नव्हतीच. किल्ला मोगलांचा, खालचे गाव दोघांनाही सारा देणारे, आणि घाटाची वाट ज्याचा मुक्काम त्याची, असा तो प्रकार होता. हे दाखवणे अवघड हे मान्य. पण याच खेळात सबंध फ्रान्स हा एकच प्रांत आहे, पॅरिस पडले की फ्रान्स संपले. तेव्हा सोय पाहण्याची सवय त्यांची घरचीच म्हणायची.

वेढ्याबद्दल तर बोलायलाच नको. सह्याद्रीच्या किल्ल्याचा तट डोंगराचाच असतो. खेळात मला दिसलेले किल्ले सपाटीवर बांधलेले, तारेसारख्या टोकदार बुरुजांचे, युरोपी नमुन्याचे. पायदळ दोर टाकून भराभरा भिंत चढते. सुरुंग खणणे, महिनोन्‌महिने मोर्चे पुढे सरकवणे, पावसाळ्यात नदी भरल्यावर रसद तुटणे, किल्लेदाराशी पैशांची बोलणी, हे मला आठ दिवसांत कुठे भेटले नाही. औरंगजेबाने आपल्या मुलखात शेवटची सात-आठ वर्षे जे केले ते नेमके हेच होते.

संशोधनाचा भाग नातवाला सगळ्यात आवडतो आणि मला सगळ्यात खटकतो. लष्कर, उद्योग आणि तत्त्वज्ञान अशा तीन फांद्यांचे एक झाड आहे. त्यावर चढत जायचे. तत्त्वज्ञानाची फांदी बरीच पुढे गेली की प्रजा प्रश्न विचारू लागते आणि राजाविरुद्ध क्रांतीची भीती निर्माण होते. ही कल्पना मला फार आवडली. शिक्षण दिले की बंड होते, हे आपल्याला फुले-सावित्रीबाईंच्या काळापासून ठाऊक आहे. पण झाड एकच आणि त्याचा शेंडा युरोपात. मराठ्यांनी, तुर्कांनी त्याच पायऱ्या चढायच्या, फक्त उशिरा.

मग मलिक-ए-मैदान कुठल्या पायरीवर बसवायची? १५४९ साली अहमदनगरला निजामशाहीसाठी मुहंमद बिन हुसेन रूमी नावाच्या कारागिराने ती ओतली. विजापूरला बुरुजावर ती आजही आहे. साधारण साडेचार मीटर लांब, वजन पन्नास टनांच्या पुढे, तोंडाशी हत्तीला गिळणारे श्वापद. कांस्य धातूचा असा एकसंध ओतीव जगात थोडाच असेल. रूमी म्हणजे तुर्कांच्या मुलखातून आलेला. अहमदनगरच्या भट्टीत हात राबले असतील ते इथल्याच लोहारांचे आणि तांबटांचे. ही विद्या फांदीवर चढून मिळाली नाही. ती माणसांबरोबर जहाजातून आणि काफिल्यातून आली, आणि इथे तिला वेगळा आकार मिळाला. खेळात माणूस विद्या घेऊन या दरबारातून त्या दरबारात चाकरी शोधत जात नाही. आणि आपल्याकडचा बारुदीचा सगळा इतिहास तर अशाच माणसांचा आहे. त्यात रूमी आहेत, फिरंगी आहेत, गारदी आहेत, महादजी शिंद्यांकडचा द बॉयन आहे.

अग्निबाणांचे तर आणखी विचित्र. खेळात ते झाडाच्या शेंड्याजवळ लटकलेले आहेत, खूप संशोधन केले की हाती लागतात. प्रत्यक्षात लोखंडी नळीचे बाण हैदर आणि टिपूच्या म्हैसूरने १७८० साली पोल्लिलूरला इंग्रजांवर सोडले होते. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी ते बाण उचलून विलायतेला नेले आणि पुढे काँग्रीव्हने त्यांच्यावरून स्वतःचे बाण बनवले. हा खेळ १७९९ लाच संपतो. इंग्रज टिपूकडून शिकले ते साल संपताच पडदा पडतो. हा योगायोग असेल, पण योगायोगही कधी कधी बोलका असतो.

समुद्राच्या लढाया पाहण्यासारख्या आहेत. मालिकेत त्या इथे पहिल्यांदा आल्या. वाऱ्याची दिशा, शिडे फाटणे, एका बाजूच्या तोफा रिकाम्या झाल्यावर जहाज वळवणे, सगळे सुरेख. जहाजे मसाल्याच्या बेटांकडे, मादागास्करच्या सामुद्रधुनीकडे आणि आफ्रिकेच्या हस्तिदंती किनाऱ्याकडे व्यापाराला पाठवता येतात. तिथून हस्तिदंत येते. माणसे येत नाहीत. अठराव्या शतकातल्या अटलांटिक व्यापाराचा खेळ करायचा आणि गुलामांचा उल्लेखही नाही! तत्त्वज्ञानाच्या फांदीवर 'गुलामगिरीचे उच्चाटन' मात्र मिळते. जे कधी दाखवलेच नाही त्याचे उच्चाटन. जंजिऱ्याच्या सिद्दींचे पूर्वज या किनाऱ्यावर कसे आले ते आपण विसरलेलो नाही. तेव्हा ही सफाई मला मोगल-मराठ्यांच्या नकाशापेक्षा जास्त बोचली.

आणखी एक मजा ऐकली. २००९ साली खेळ बाजारात आला तेव्हा संगणकाच्या ताब्यातली राज्ये समुद्रमार्गे फौज उतरवतच नसत. कंपनीने काही महिन्यांनी दुरुस्ती केली. म्हणजे तोवरच्या खेळात इंग्रज हिंदुस्थानात येऊच शकत नव्हते! हे ऐकून नातू आणि मी बराच वेळ हसलो.

आता मोगलांचे कुलूप. सहाव्या दिवशी नातवाने शोधून काढले की खेळाची एक फाईल बदलली की बंद राज्येही उघडतात. अर्ध्या तासात त्याने मोगल उघडले. तख्त, हत्ती, बंदूकधारी, केवढा तो मुलूख. "नाना, बघा, केवढं मोठं आहे!" मोठेपणाचे त्याला नवल, दुसरे काही नाही. आणि माझ्या तोंडून पहिले वाक्य काय निघावे? "हे कुणाला दाखवू नकोस. फोटो काढून स्टेटसला बिटसला ठेवू नकोस."

त्याने विचारले, "का?"

जून २०२३ मध्ये मोबाईलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात काय झाले ते मी त्याला सांगितले. त्याला ते थोडे ठाऊक होते. मग म्हणाला, "पण हा तर गेम आहे." मी म्हटले, "हो." तीस वर्षे मी वर्गात सांगत आलो की इतिहासातली माणसे आपली काका-मामा नव्हेत. त्यांच्या विजयाने फुगू नये आणि त्यांच्या गुन्ह्याने खाली मान घालू नये. आणि घरात, पंख्याखाली, तेरा वर्षांच्या पोराला मी नेमके उलटे शिकवत होतो. त्याच्या वर्गातल्या मुलाने 'तू मुघल घे' म्हणून जे सुनावले तेच मी 'मुघल घेऊ नकोस' म्हणून सुनावले. दोघांनी मिळून एका पोराचा प्रांत ठरवून टाकला.

त्याने ती फाईल पुन्हा होती तशी केली. मी सांगितले म्हणून नाही. मोगलांचा मुलूख सांभाळायला फार मोठा आहे, पैसा पुरत नाही आणि दख्खनेत सारखी बंडे होतात, म्हणून. औरंगजेबालाही याहून वेगळे काही सांगता आले नसते.

शेवटच्या दिवशी त्याचे मराठे १७३१ सालात होते. आग्र्याच्या दिशेने फौज निघाली होती, गंगाजळी रिकामी होती आणि उत्तरेतल्या दोन प्रांतांत लोक भडकले होते. त्याने धर्मप्रसारक न पाठवता कर कमी केले. "असं पण चालतं," म्हणाला, "फक्त वेळ लागतो." मग लॅपटॉप मिटून विचारले, "नाना, तो सुरुंग उलटा फुटला ती जागा अजून आहे का?" म्हटले आहे, पण वर चढावे लागेल आणि ऊन फार आहे. तर म्हणाला, सकाळी फजरनंतर लगेच निघू. नानीने पाण्याची बाटली आणि दोन पोळ्या बांधून ठेवल्या आहेत.